जावयाचं घड्याळ

१

नव्व्याण्णव सालचा अधिक ज्येष्ठ. महिनाभर मी एकभुक्त होते. पहाटे अंघोळ, देवापुढे तेहतीस वाती, पोथीचा एक अध्याय, मग यांचा डबा. साडेसहाला हे ओझरच्या कारखान्याची बस गाठायला निघाले, की सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत मी आणि पल्लवी.

पल्लवी माझी एकुलती एक. संक्रांतीला मनमाडहून एक बॅग घेऊन आली होती, "चार दिवसांसाठी आलेय" म्हणत. आता मे संपत आला होता. तिच्या हाताला, कोपराच्या खाली आतल्या अंगाला, भाजल्याचा डाग होता. तवा लागला म्हणाली. तवा हाताच्या आतल्या बाजूला असा लागत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी मलम लावलं आणि सोळा सोमवार धरले.

लग्नात आम्ही जावयाला, किशोररावांना, परदेशी घड्याळ दिलं होतं. माझ्या भावाच्या ओळखीतून घेतलेलं. महिन्याभरात त्याचं सोनेरी पाणी उडालं. घड्याळ नकली निघालं आणि त्या दिवसापासून पल्लवीही तिकडे नकलीच ठरली. फसलो आम्ही होतो, पण ते कोण ऐकणार?

आणि अधिकात तिच्या सासूबाईंचा फोन आला. "किशोर येईल धोंड्याच्या जेवणाला. परत येताना पल्लवीला घेऊनही येईल. या वेळी तेवढं खरं घड्याळ बघा हो, आम्हाला चारचौघांत मान खाली घालायला लावू नका."

मी फोन ठेवला आणि देवापुढे साखर ठेवली. हे म्हणाले, "जावई येतोय की कस्टमवाला?"

"असं बोलू नये. अधिकात जावई म्हणजे नारायण."

"बरं बाई. नारायणाला वेळ बघायला काय लागेल ते बघ."

माझ्या दोन पाटल्या मोडायच्या असं मी ठरवून टाकलं.

२

मालनबाई मला देवळात पोथीला भेटायच्या. गंगापूर रोडला त्यांचं घर, यजमान जाऊन तीन वर्षं झालेली. त्यांच्याकडे यजमानांचं अस्सल स्विस घड्याळ आहे आणि त्यांना ते विकायचंय, हे कळलं तेव्हा मला वाटलं, पुरुषोत्तमानंच गाठ घातली.

त्यांची बैठक अगदी स्वच्छ होती. भिंतीवर हार घातलेले दोन फोटो, एक यजमानांचा आणि एक पल्लवीच्याच वयाच्या मुलीचा. कपाटाच्या खणातून त्यांनी रुमालात गुंडाळलेलं घड्याळ काढलं. पांढरी तबकडी, बारीक काटे, तपकिरी चामड्याचा पट्टा. चालू होतं.

"घरी न्या," त्या म्हणाल्या. "आठ दिवस ठेवा. दाखवायचं असेल त्याला दाखवा."

"अहो, असं कसं? काहीतरी ठेवून घ्या माझं."

"काही नको. देवळातली ओळख आहे आपली."

फाटकापर्यंत सोडायला आल्या. मी वळले तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. "ताई, थांबलं तर मात्र लगेच कळवा हं मला."

बिघडलं तर, असं म्हणायचं असेल त्यांना. मी मान डोलावली.

३

मेनरोडच्या एका बोळात गोटीराम घड्याळवाल्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, भिंतीतला कोनाडाच. मी पुडी सोडली तसं त्यांनी डोळ्याला भिंग लावलं.

"काकू, कुठं हात मारला?"

"अहो, चेष्टा नको. खरंय का तेवढं सांगा. जावयाला द्यायचंय."

"जावयाला? मग तर दोन भिंगं लावायला पाहिजेत." त्यांनी घड्याळ तळहातावर तोललं. "वजन बरोबर आहे. आता सेकंदकाटा बघा. टकटक उड्या मारत नाही, पाण्यावरून सरकावा तसा सरकतोय. चांगली खूण आहे. मागचा नंबरही कोरलेला आहे, छापलेला नाही." मग त्यांनी ते माझ्या कानाशी धरून हलवलं. आत वाळू सरकावी तसा आवाज आला. खर्र.

"याला चावी नाही आणि सेलही नाही. आत अर्धगोल वजन असतं. माणसाचा हात हलला की ते फिरतं, आणि त्यानंच चावी भरते. मनगटावर आहे तोवर चालणार. काढून ठेवलं की चाळीस-पंचेचाळीस तासांत थांबणार."

"मग मी काय करू?"

"आज घरी नेऊन आडवं ठेवा. हात लावायचा नाही. परवा थांबलं तर माल खरा. नाही थांबलं तर समजा कुण्या दीडशहाण्यानं आत सेल बसवलाय. मग मी झाकण उघडतो." भिंग काढून ते हसले. "घड्याळ आणि सून, काकू, चार दिवस घरात ठेवल्याशिवाय कळत नाही."

मी हसले नाही, तसे ते ओशाळले. पट्ट्यावरून बोट फिरवत म्हणाले, "पट्टा मात्र बदला. खालच्या बाजूला चार खड्डे पडलेत. कुणीतरी आवळून धरल्यासारखे."

घरी येताना बसमध्ये माझ्या मनात आलं, मालनबाईंचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली. घड्याळ खणात होतं. मग चालू कसं होतं? त्याच हलवून ठेवत असतील अधूनमधून. आठवण म्हणून बाया काय काय करतात.

४

सोमवारी सकाळी पूजा झाल्यावर देवघराखालच्या फळीवर ते ठेवलं. वेळ नीट लक्षात ठेवली, आठ वाजून पाच मिनिटं. बुधवारी पहाटे थांबायला हवं होतं.

बुधवारी वाती लावून खाली वाकले. काटा सरकत होता.

पुन्हा नकली! मग विचार केला, आमच्या खाली पिठाची गिरणी आहे, दिवसभर जमीन थरथरते. त्या थरथरीनं भरत असेल चावी. म्हणून तांदळाचा मोठा डबा घेतला, तांदूळ हातानं सपाट केले, त्यात घड्याळ अर्धं रुतवलं आणि झाकण लावलं. गुरुवारी गिरणीचा पट्टा तुटला, म्हणून दोन दिवस गिरणी बंद राहिली. इतकी शांतता झाली, की पंख्याचा आवाज मोठा वाटायला लागला.

शनिवारी दुपारी डबा उघडला. तांदळाचा एक दाणाही हललेला नव्हता. काटा सरकत होता. रेडिओच्या बातम्यांशी वेळ जुळवली, मिनिटाचाही फरक नव्हता.

मी तशीच डब्यावर वाकून उभी होते. तेव्हा आवाज आला.

खर्र. खर्र. खर्र. खर्र. मग जरा थांबून पुन्हा चार वेळा.

घड्याळाला कुणी हात लावला नव्हता. मीही नाही. आणि ती लय माझ्या ओळखीची होती. कशाची ते लगेच आठवेना, पण माझा उजवा हात आपोआप हलायला लागला होता.

मी हात पदरात गुंडाळला आणि झाकण लावून टाकलं.

५

गोटीरामांनी घड्याळाचं मागचं झाकण उघडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सेल नाही काकू. सगळं मूळचं आहे. सोळा आणे खरं."

"मग थांबत का नाही?"

"थांबायला पाहिजे."

"पण थांबत नाही ना!"

त्यांनी चिमट्यानं आतलं वजन धरलं. सोडलं तसं ते फिरलं, हळू, पुन्हा हळू. ते बघत राहिले. घड्याळ लाकडी फळीवर आडवं होतं आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

"तुमच्या घरात कुणीतरी घालून फिरतंय," ते म्हणाले. चेष्टेतच म्हणायचं असेल त्यांना, पण बोलून झाल्यावर त्यांनीच गडबडीनं झाकण लावलं. तपासणीचे पैसे घेतले नाहीत. "घेऊ नका" असंही म्हणाले नाहीत. घड्याळ खरं होतं ना, मग काय म्हणणार?

६

एव्हाना पल्लवी सुधारायला लागली होती. जानेवारीपासून तिला झोप नव्हती. दुपारीही डोळे उघडे ठेवून भिंतीकडे तोंड करून पडायची. त्या आठवड्यात मात्र ती जेवण झालं की आतल्या खोलीत जाऊन गाढ झोपायची. चेहऱ्यावर तुकतुकी आली होती. मी मनात म्हटलं, व्रत फळाला आलं.

"आई," एकदा भाजी निवडताना ती म्हणाली, "लहानपणी करायचीस तसं दुपारी थोपटतेस ना, बरं वाटतं गं."

मेथीची जुडी माझ्या हातातच राहिली. दुपारी मी गच्चीवर कुरडया वाळवत असायचे.

"हो," मी म्हटलं.

लय कशाची, ते तेव्हा कळलं. चार थापट्या आणि एक विसावा.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेलेच नाही. घड्याळ पुन्हा तांदळात ठेवलं होतं, त्या डब्याशेजारी स्वयंपाकघरात बसून राहिले. दोनच्या सुमारास सुरू झालं. खर्र, खर्र, खर्र, खर्र. मी उठले. आतल्या खोलीचा पडदा अर्धा सरकलेला होता. पल्लवी कुशीवर झोपली होती, पाठ माझ्याकडे. उन्हाची तिरीप तिच्या पाठीवर आली होती आणि ब्लाऊजचं कापड किंचित दबत होतं, पुन्हा वर येत होतं. श्वासानं असेल. पण श्वास चार वेळा घेऊन मधे थांबत नाही.

समोर लोखंडी कपाटाचा आरसा आहे. मी मुद्दाम बघितलं नाही, डोळे गेले. पलंगाच्या कडेला एक पुरुषी हात होता, कोपरापर्यंतच. पांढऱ्या सदऱ्याची बाही नीट दुमडलेली. मनगट रिकामं होतं, आणि घड्याळ वर्षानुवर्षं बांधल्यावर राहतो तसा कातडीवर फिकट पट्टा.

मी "नारायण" म्हटलं की नुसते ओठ हलवले, आठवत नाही. पुन्हा बघितलं तर आरशात पलंग होता, पल्लवी होती आणि ऊन होतं.

एकभुक्त बाईला उन्हाळ्यात भोवळ येते. मी स्वतःला तेच सांगितलं. आजही सांगते.

७

त्याच संध्याकाळी रिक्षा करून गंगापूर रोडला गेले. मालनबाईंनी दार उघडलं आणि पहिला शब्द तोच, "थांबलं?"

"नाही."

त्या सोफ्यावर बसल्या. मी घड्याळ टीपॉयवर ठेवलं. त्यांनी ते कानाशी नेलं, खाली ठेवलं.

"वाटलं होतं, दुसऱ्या घरात गेलं तर थांबेल. पोर जागा बदलली की रडायची थांबते, तसं."

"मालनबाई, माझी मुलगी माहेरी आलीय. सासरी जायचीय परत, धोंड्यानंतर." मी घड्याळाकडे बोट दाखवलं. "तिला कुणीतरी थोपटतं."

मालनबाईंनी तोंडावर पदर धरला.

"तुमची मुलगी माहेरी आलीय हे मला ठाऊक नव्हतं हो, देवाशप्पथ. आमच्या रोशनीला लग्न ठरलं तरी यांनी थोपटल्याशिवाय झोप यायची नाही." त्यांनी फोटोकडे बघितलं नाही. "अशीच अधिकात आली होती. जायचं नाही म्हणत होती. लोक काय म्हणतील म्हणून यांनीच पोचवली. स्टँडवर तिनं यांचं मनगट धरलं, इथे, पट्ट्यावर. सोडेचना. गाडी सुटायला आली. यांनी एकेक बोट सोडवलं तिचं."

त्या वर्षी दिवाळीच्या आत दोन्ही फोटो भिंतीवर गेले, एवढंच म्हणाल्या.

निघताना त्यांनी घड्याळ माझ्यापुढे केलं. मी हात मागे घेतला. त्यांनी ते छातीशी धरलं, जड असल्यासारखं.

८

धोंड्याचं जेवण झालं. पुरणाचे धोंडे झाले होते, कुरडया होत्या. किशोररावांना पाटावर बसवून ओवाळलं. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा, असं वाण हातात दिलं. त्यांनी ताट घेतलं, अनारशांच्या मागे नजर टाकली, आणि माझ्याकडे बघून छान हसले.

"घड्याळ नाही जमलं वाटतं? असू दे आई. पल्लवी येतेय, अजून काय पाहिजे?"

इतकं गोड बोलले. यांनी माझ्याकडे बघितलं, बघ, उगाच घाबरत होतीस, असं. पल्लवी हिरवी साडी नेसून दारात उभी होती, बॅग भरलेली, गालांवर लाली. तिला जायचं होतं. हे मला लिहायलाच हवं. माझ्या मुलीला मनापासून जायचं होतं.

किशोररावांनी बॅग उचलली.

"पल्लवी येणार नाही," मी म्हटलं.

"अगं, काय बोलतेस?" हे उभे राहिले.

"आई, बाजूला हो," पल्लवी म्हणाली. "गाडी आहे चारची."

मी तिचं मनगट धरलं. ती ओढायला लागली, मी आवळलं. तिनं माझं एक बोट सोडवलं, मग दुसरं. मी पुन्हा धरलं. शेजारचे दारात आले. आयुष्यात मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते, आणि त्या दिवशी ओरडले, "नाही पाठवणार! काही झालं तरी नाही पाठवणार!"

किशोररावांनी बॅग खाली ठेवली. हसू तसंच होतं, डोळे तेवढे बदलले. क्षणभरच. "ठेवा मग," ते म्हणाले. "कायमची ठेवा."

जिन्यावरची पावलं संपली. पल्लवी माझ्याकडे बघत होती. तिच्या मनगटावर माझी बोटं उमटली होती.

"एक घड्याळ जमलं नाही तुला," ती म्हणाली, "म्हणून माझं घर मोडलंस."

मी सांगितलं नाही. काय सांगणार होते? आरशात हात बघितला म्हणून?

९

त्या संध्याकाळी मालनबाईंचा फोन आला.

"थांबलं, ताई."

मला वाटलं त्यांना हायसं वाटलं असेल. मी "देवाची कृपा" म्हटलं. पण पलीकडे त्या रडत होत्या.

"घरात तेवढंच हलत होतं हो," त्या म्हणाल्या. "आता काहीच हलत नाही."

१०

परवा पुन्हा अधिक ज्येष्ठ लागला. आठ वर्षं झाली.

पल्लवी नाशिकरोडला बालवाडीत शिकवते. आमच्याजवळच राहते. आमटीत मीठ कमी आहे, गॅस संपलाय, उद्या उशीर होईल, एवढं बोलते. दुपारी झोपत नाही. किशोररावांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. मनमाडचं कुणी भेटलं की मुद्दाम सांगतं, किती छान चाललंय त्यांचं, मुलगी आहे, फ्लॅट घेतला. पल्लवी ऐकते आणि ताटं उचलायला उठते. माझंही मन म्हणतं, उपाशी पोटी काहीतरी दिसलं आणि त्यापायी लेकीचा संसार घालवलास.

काल मी रामकुंडावर दीपदानाला गेले होते. पायऱ्यांवर ते दिसले. किशोरराव, कडेवर लहान मुलगी आणि शेजारी ती. सावळी, नाजूक, अंगावर नवी साडी. मी खांबाआड झाले. मुलीच्या कसल्याशा बोलण्यावर दोघं हसत होते. खरंच छान चाललं होतं.

मग त्यानं हात वर केला, नुसते कपाळावरचे केस मागे सारायला. तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

हसू तसंच होतं ओठांवर. हात खाली आला, तिनं डोळे उघडले आणि मुलीचा फ्रॉक सारखा केला. कुणी बघितलं नाही. त्यालाही कळलं नसेल.

मी घरी आले. पल्लवी वह्या तपासत होती. हे सांगितलं असतं तर कदाचित तिनं मला माफ केलं असतं. तोंडाशी आलं होतं. पण त्या पोरीच्या मिटलेल्या डोळ्यांवर मी माझी माफी कशी मागू? माझी घरी राहिली, म्हणून ती तिथे गेली. तिलाही आई असेल. तिनंही वाण दिलं असेल, तेहतीस अनारसे मोजून.

आज सकाळी तिच्यासाठी सोळा सोमवार धरायला बसले. तळहातावर पाणी घेतलं. संकल्प सोडताना कुणासाठी ते सांगावं लागतं, नाव आणि गोत्र. मला तिचं नाव माहीत नाही. पाणी बोटांच्या फटींतून ताम्हनात गळून गेलं.